नवी गायिका आणि जुना साचा : 'झँड्रिया' ते गंधर्व नाटक मंडळी

बीजसंज्ञा : नाट्यसंगीत, गंधर्व गायकी, अनुकरण, स्त्री-स्वर, सिंफनिक मेटल

प्रास्ताविक

एखाद्या प्रस्थापित गानसंचातील प्रमुख गायिका बदलली की श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'ही आधीच्या गायिकेसारखी गाते का?' हा. ती तशी गात नसेल तर संचाचे स्वत्व हरवले अशी तक्रार होते. ती तशी गात असेल तर लगेच दुसरा प्रश्न पुढे येतो, 'हिला स्वतःचे असे काही आहे की नाही?' दोन्ही प्रश्न आरोपवजा आहेत आणि दोन्हींचा रोख एकट्या गायिकेवर आहे. प्रस्तुत लेखात या रोखाचीच तपासणी करावयाची आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून गंधर्व नाटक मंडळीत १९३८ मध्ये आलेल्या गोहरबाई कर्नाटकी यांचा विचार केला आहे. मात्र प्रश्नाची मांडणी स्पष्ट व्हावी म्हणून आरंभी एका जर्मन मेटल वाद्यवृंदाचा दाखला घेतला आहे. हे दोन गानप्रकार एका लेखात आणणे काही वाचकांस विजोड वाटेल. परंतु आपल्या वर्गात बसणारा विद्यार्थी विरार लोकलमध्ये कानाला इयरफोन लावून काय ऐकतो याची चौकशी केल्यास हा विजोडपणा त्याच्या कानात रोजच नांदत असल्याचे दिसून येईल. शिवाय वसईच्या चर्चमधील गायनवृंदात वाढलेल्या विद्यार्थ्यास वाद्यवृंद आणि समूहगान यांवर उंच उठणारा स्त्री-स्वर अपरिचित नसतो. मराठीचे अध्यापक तो जितका परका समजतात तितका तो या परिसरात नाही.

'झँड्रिया' हा संच जर्मनीतील बीलेफेल्ड या शहरातला. सिंफनिक मेटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तो मोडतो. विद्युत गिटार व ढोल यांचा जड, दाट ठोका, त्यावर पाश्चात्य वाद्यवृंदाचा व समूहगानाचा थर आणि सर्वांवर एक स्त्री-स्वर, अशी या प्रकाराची सर्वसाधारण घडण असते. संचाचे गीतकार-संगीतकार आणि गिटारवादक मार्को ह्यूबाउम हे आरंभापासून कायम आहेत, गायिका मात्र बदलत आल्या. लिसा मिडेलहाउवे यांच्या स्वरातील पहिला अल्बम २००३ चा आणि २००५ च्या अल्बमचे नाव चक्क 'इंडिया'. (नावापलीकडे त्यात भारत किती, हा प्रश्न येथे न काढणेच बरे.) मिडेलहाउवे यांचा स्वर हळुवार, बोलण्याच्या पट्टीजवळचा होता. २०१२ मध्ये 'नेव्हरवर्ल्ड्स एंड' हा अल्बम मानुएला क्रालर या नव्या गायिकेसह आला आणि संचाचा नूरच पालटला. क्रालर यांचा गळा ऑपेराच्या धाटणीचा, तार सप्तकात सहज विहरणारा असल्याने रचनाही उंच, लांब पल्ल्याच्या आणि वाद्यवृंदाने भरलेल्या झाल्या. २०१४ च्या अल्बममध्ये डिआने व्हान गिर्सबर्गन यांनी तीच वाट पुढे नेली. त्या २०१७ मध्ये बाहेर पडल्या. त्यानंतर २०२२ मध्ये ह्यूबाउम यांनी जवळजवळ संपूर्ण संचच नव्याने बांधला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ब्र व्हुर्व्हाहिस यांच्यासह 'द वंडर्स स्टिल अवेटिंग' हा अल्बम आला. या गायिकेचा स्वर ऑपेरापेक्षा रॉकच्या अंगाने जाणारा आहे. ज्याला ग्राउल म्हणतात तो घशातून काढलेला खरखरीत, गुरगुरता आवाजही त्या लावतात.

या इतिहासात लक्षात घ्यावयाची गोष्ट एकच आहे. गायिका बदलली तेव्हा रचनाकाराने रचनाही बदलली. क्रालर यांच्या अल्बमवर 'नाइटविश' या फिनलंडच्या संचाची छाया असल्याचा आक्षेप अनेक श्रोत्यांनी घेतला आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि क्रालर यांनी मिडेलहाउवे यांची नक्कल केली, असे कोणी म्हणू शकले नाही. कारण त्यांना मिडेलहाउवे यांच्या गळ्यासाठी बेतलेल्या गीतांवर आपली ओळख निर्माण करावी लागली नाही. त्यांना स्वतःच्या मापाचे कपडे मिळाले. गोहरबाईंना ते मिळाले नाहीत, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

गळा आणि रचना

नाट्यसंगीताच्या इतिहासात नव्या गायकाचा प्रश्न गोहरबाईंपासून सुरू होत नाही. स्वतः नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), हे १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा तेही 'नवा आवाज'च होते. त्यांच्या आधी भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रेसारख्या स्त्री-भूमिका गाजवल्या होत्या आणि पुढे पुरुष-भूमिकाही केल्या होत्या. भाऊरावांचा आवाज उंच, धारदार, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकला जाणारा. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मंडळी पोरकी झाली. जुन्या श्रोत्यांनी नव्या नटाची तुलना भाऊरावांशी करणे अपरिहार्य होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांतील पदांच्या चाली साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तन आणि कर्नाटकी वळणे यांच्या मिश्रणातून आलेल्या होत्या. राजहंसांचा गळा या चालींत अडखळला नसता, पण केवळ त्यांच्या जोरावर तो बालगंधर्व झालाही नसता.

तो झाला १९११ मध्ये, 'मानापमान'मध्ये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरी या पूरब ढंगाच्या गायनाचा नाट्यपदांत केलेला उपयोग हा मराठी संगीताच्या अभ्यासकांना परिचित असलेला विषय आहे. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांनी रागदारी बंदिशींचा भक्कम पाया घातला. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झालेली होतीच. म्हणजे नव्या गायकाला पाच-दहा वर्षांच्या अवधीत दोन असे रचनाकार लाभले की ज्यांनी त्याच्या गळ्याची जात, त्याचा लगाव, त्याच्या हरकतींची गती ओळखून पद बेतले. भाऊरावांशी तुलना आपोआप मागे पडली. कारण तुलनेला समान पदच उरले नाही.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. टेंब्यांनी ज्या ठुमरी-दादऱ्याच्या भांडारातून चाली उचलल्या ते भांडार कोणाचे? ते प्रामुख्याने लखनौ, बनारस, कलकत्ता येथील व्यावसायिक गायिकांचे होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे स्वर ध्वनिमुद्रित झाल्यानंतर तबकड्यांच्या द्वारे हे गायन मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोहोचू लागले होते. (या गौहर जान वेगळ्या आणि गोहरबाई कर्नाटकी वेगळ्या. नामसाधर्म्यामुळे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत होणारा घोटाळा पाहता हे सांगणे भाग आहे.) पुढे १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यातील पदांना चाली सुंदराबाई जाधव यांनी दिल्या. म्हणजे सिंधूच्या ज्या पदांनी तत्कालीन प्रेक्षागृहे अश्रूंनी भिजली, त्या पदांची वळणे एका गायिकेच्या गळ्यातून पुरुष नटाच्या गळ्यात आली होती. त्या गायिकेला स्वतः रंगमंचावर उभे राहून सिंधू गाता आली नसती, कारण प्रतिष्ठित मंडळ्यांच्या रंगमंचावर स्त्रीला प्रवेश नव्हता. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या केवळ स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे पाहण्याची शिष्टवर्गाची नजर निराळी होती.

तात्पर्य, 'गंधर्व गायकी' नावाची जी वस्तू आपण एका पुरुषाची निर्मिती म्हणून गौरवतो तिच्यात बायकांच्या गाण्याचा वाटा मोठा आहे. यामुळे बालगंधर्वांची थोरवी तसूभरही कमी होत नाही. घेतलेल्या मालाचे त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणासही करता आले नाही. शब्दाला न दुखावता स्वर फिरवणे, लयीशी सलगी ठेवून समेवर अलगद उतरणे, तान घेतानाही पात्राच्या भावस्थितीचे भान राखणे या गोष्टी त्यांच्या तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांतूनही ऐकू येतात. परंतु मूळ व अनुकरण यांचा निवाडा करावयास बसल्यावर मालाचा उगम विसरून चालत नाही.

गोहरबाईंचे आगमन

१९३१ मध्ये 'आलमआरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आल्यानंतर बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक झपाट्याने ओढून नेला. गंधर्व मंडळीवरील कर्ज तर त्याच्या कितीतरी आधीचे, १९२१ च्या सुमारासच डोईजड झालेले होते. भरजरी शालू, अस्सल अत्तरे, खर्चिक नेपथ्य आणि हिशेबाविषयी मालकाची कमालीची उदासीनता ही त्याची सर्वश्रुत कारणे होत. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. भामिनी आणि रुक्मिणी पाहिलेल्या प्रेक्षकाला ते पुरुषवेष मानवला नाही. बालगंधर्व रंगभूमीकडे परतले, पण पन्नाशीकडे झुकलेल्या देहाला नवयौवनेची भूमिका किती काळ पेलणार, हा प्रश्न आता टाळण्यासारखा नव्हता.

अशा वेळी, १९३८ मध्ये, गोहरबाई मंडळीत आल्या. त्या विजापूर भागातील कलावंत कुटुंबातील. 'किस्मत' (१९४३) या चित्रपटातील गीतांमुळे देशभर नावाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. गोहरबाईंचा गळा बालगंधर्वांच्या पदांवरच पोसलेला होता. त्या स्त्री-भूमिका करू लागल्या आणि काही नाटकांत बालगंधर्व पुरुष-भूमिकेत त्यांच्यासमोर उभे राहिले. तीस-बत्तीस वर्षे ज्याने स्त्री रंगवली त्याने आता पुरुष व्हावयाचे आणि खऱ्या स्त्रीने त्याने घडवलेली स्त्री व्हावयाचे, अशी ही विलक्षण अदलाबदल होती. मराठी नाट्येतिहासात इतका नाट्यपूर्ण क्षण दुसरा नसेल. पण आपल्या समीक्षेने त्याच्याकडे केवळ कौटुंबिक शोकांतिकेचा उपकथाभाग म्हणून पाहिले.

चरित्रपर लेखनात आणि नाट्यवर्तुळातील आख्यायिकांत गोहरबाईंविषयी येणारा सूर बहुतांशी फिर्यादीचा आहे. त्यांनी नारायणरावांना घरापासून तोडले, मंडळी बुडवली, असे सुचवले जाते. पहिल्या पत्नीचे निधन १९४० मध्ये झाले आणि गोहरबाईंशी विवाह १९५१ मध्ये, या तारखा तरी निदान समोर ठेवावयास हव्यात. मंडळीच्या कर्जाचा उगम त्यांच्या आगमनाच्या सतरा-अठरा वर्षे आधीचा आहे. त्या मुसलमान होत्या व कलावंतिणींच्या परंपरेतून आलेल्या होत्या, ही बाब फिर्यादीच्या सुरामागे किती आहे याचा निर्णय वाचकांनी करावा. प्रस्तुत लेखकाच्या मते ती पुष्कळ आहे. तथापि येथे आपणास त्यांच्या चारित्र्याशी कर्तव्य नसून गाण्याशी आहे. आणि गाण्यावरील आरोप मोजक्या शब्दांचा आहे: त्या बालगंधर्वांची नक्कल करीत.

हा आरोप वस्तुस्थिती म्हणून मान्य करू. त्या तशाच गात. पण त्यांनी दुसरे काय गावे अशी अपेक्षा होती? मंडळीची नाटके जुनीच होती. 'मानापमान', 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'सौभद्र' यांतील प्रत्येक पदाची प्रत्येक जागा प्रेक्षकांना तोंडपाठ होती. अमुक शब्दावर अमुक हरकत आली नाही तर प्रेक्षागृहात कुजबूज व्हावी आणि आली तर 'गंधर्वांची सर नाही' असे म्हटले जावे. मालक, नायक, गुरू आणि मूळ गायक एकच, आणि तो समोर उभा! अशा स्थितीत स्वतंत्र वळण घेणे म्हणजे अवज्ञा आणि न घेणे म्हणजे नक्कल. बालगंधर्वांना १९११ मध्ये टेंबे मिळाले, १९१६ मध्ये बखलेबुवा मिळाले. गोहरबाईंना, त्यांच्या गळ्याचे माप घेऊन, नायिकेचे नवे पद-नाट्य रचून देणारा कोणीही मिळाला नाही. ओढग्रस्तीच्या मंडळीला नवे नाटक बसवणे परवडणारे नव्हते हे खरे. परंतु त्या अभावाची किंमत गायिकेच्या नावावर मांडली गेली.

ह्यूबाउम यांनी क्रालर यांना आणून मिडेलहाउवे यांचीच गीते वर्षानुवर्षे गावयास लावली असती, स्वतः मिडेलहाउवे रंगमंचावर शेजारी उभ्या राहिल्या असत्या, तर क्रालर यांच्याविषयी आपण काय लिहिले असते, याची कल्पना करून पाहावी.

'कुलवधू'चा दाखला

प्रतिपक्ष असे म्हणू शकेल की हिराबाई बडोदेकर यांनी नवीन रचनाकारावाचून आपले स्थान मिळवले. १९२९ च्या सुमारास नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतून हिराबाई रंगमंचावर आल्या आणि 'सौभद्र'सारखी जुनीच नाटके त्यांनी केली. हा आक्षेप वजनदार आहे. पण हिराबाईंच्या पाठीशी किराणा घराण्याची तालीम आणि मैफलीची स्वतंत्र बैठक होती. नाटक हे त्यांच्या गाण्याचे एक ठिकाण होते, एकमेव ठिकाण नव्हते. शिवाय त्यांची संस्था त्यांच्याच कुटुंबाची होती. बंधू सुरेशबाबू माने, भगिनी कमलाबाई व सरस्वतीबाई अशी सगळी भावंडे त्यात होती. तेथे 'मूळ गायक' शेजारी उभा नव्हता. म्हणून हिराबाईंची सुभद्रा किराण्याची सुभद्रा झाली आणि कोणी तिला नक्कल म्हटले नाही.

अधिक निर्णायक दाखला ज्योत्स्नाबाई भोळे यांचा आहे. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मधून रंगमंचावर आल्या. त्या नाटकात पदे मोजकी होती आणि संगीत केशवराव भोळ्यांचे होते. 'शाकुंतल'मधील दोनशेच्या आसपास पदांच्या तुलनेत ही संख्या नगण्य. संगीत नाटकाचा संसारच आटोपता झाला होता. पुढे १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' रंगभूमीवर आणले. त्यातील भानुमती ज्योत्स्नाबाईंनी केली आणि संगीत दिले मास्टर कृष्णराव यांनी.

येथे थांबून पाहावयास हवे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे बखलेबुवांचे शिष्य. गंधर्व मंडळीशी त्यांचा निकटचा संबंध. १९३१ च्या 'कान्होपात्रा'चे संगीत त्यांचेच, बालगंधर्वांच्या गळ्यासाठी बेतलेले. ती नायिका भक्तीत विरघळणारी असल्याने तिची पदे अभंगाच्या अंगाने पसरत जातात, पुनरावृत्तीत रमतात, 'वन्स मोअर'ला जागा ठेवतात. अकरा वर्षांनी तेच रचनाकार भानुमतीसाठी भैरवीत 'बोला अमृत बोला' हे पद बांधतात तेव्हा घडण किती निराळी होते! चाल सुटसुटीत आहे, ओळी आखूड आहेत, शब्दाचा उच्चार बोलण्याइतका स्वच्छ ठेवण्यास पुरेसा अवकाश आहे आणि अलंकार आहेत ते शब्दाच्या टोकाशी हलकेच लागलेले. ज्योत्स्नाबाईंच्या स्वच्छ, उजळ आणि किंचित टोकदार आवाजाला विलंबित पसाऱ्याची गरज नाही हे कृष्णरावांनी ओळखले. भानुमती घराबाहेर पडून चित्रपटात काम करणारी, अखेरीस पतीचे घर सोडण्याचा निर्णय घेणारी आधुनिक स्त्री. पुरुषाने कल्पिलेल्या लाजऱ्या नायिकेचे पद तिच्या तोंडी शोभले नसते. रचनाकार तोच, परंपरा तीच, गळा नवा आणि म्हणून पद नवे. ज्योत्स्नाबाईंवर बालगंधर्वांच्या नकलेचा आरोप झाला नाही याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेइतकेच कृष्णरावांच्या कानालाही द्यावयास हवे.

हेच कृष्णराव गोहरबाईंसाठी एखादे नाटक बांधते तर? इतिहासात जर-तरला स्थान नसते असे म्हणतात, पण समीक्षेत असावे.

अनुकरण आणि वारसा

आणखी एक विसंगती नोंदवणे आवश्यक वाटते. गोहरबाईंच्या पश्चात गंधर्व गायकी जिवंत ठेवण्याचे कार्य ज्यांनी निष्ठेने केले त्यांत जयमाला शिलेदार (१९२६–२०१३) आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांची नावे अग्रभागी येतात. पुण्याची 'मराठी रंगभूमी' ही त्यांची संस्था १९४९ पासूनची. जयमालाबाईंना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि कीर्तीताईंनी २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. हे सन्मान सर्वथा योग्य आहेत. त्यांच्या गायनाचे वर्णन करताना रसिक ज्या गुणाचा गौरव करतात तो कोणता? गंधर्वांच्या जागा त्यांनी जशाच्या तशा जपल्या, हा. म्हणजे ज्या गोष्टीला १९३८ मध्ये नक्कल म्हटले तिलाच पुढे परंपरेची जपणूक म्हटले गेले.

या बदलाचे समर्थन काही अंशी करता येते. मूळ गायक हयात आणि समोर असताना त्याची प्रतिकृती अनावश्यक वाटते. तो गेल्यावर तीच प्रतिकृती ठेव होते. शिलेदारांनी जुन्या पदांबरोबर नवी नाटकेही केली, हा फरकही लहान नाही. तरीसुद्धा केवळ काळाच्या अंतराने एवढा पालट होतो असे मानणे कठीण आहे. बालगंधर्वांच्या गळ्यातून थेट, रोजच्या रोज, शेजारी उभे राहून ज्या स्त्रीने ती गायकी आत्मसात केली तिचे नाव गंधर्व परंपरेच्या वंशावळीत वारसदारांच्या ओळीत लिहिले जात नाही, पत्नीच्या रकान्यात लिहिले जाते, तेही अनिच्छेने. विद्यापीठीय पाठ्यक्रमांत 'बालगंधर्वयुग' शिकवताना आपणही हीच रीत पाळत आलो आहोत. गोहरबाईंच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांचा, बालगंधर्वांच्या त्याच पदांशी ताडून, स्वरस्थाने, श्वासाच्या जागा व शब्दोच्चार यांच्या अंगाने अभ्यास व्हावयास हवा. तो झाल्यावर नक्कल म्हणून ज्याला नाव ठेवले त्यात एखादी निसटती, स्वतःची अशी जागा सापडते की नाही हे कळेल. जागा पुरुषाने बसवलेली, पण तिचे मूळ एखाद्या ठुमरीत असेल, तर ती स्त्रीच्या गळ्यात परतताना कोठे सैल झाली, कोठे घट्ट झाली, हे ऐकण्यासाठी मात्र कान फिर्यादीचा असून चालणार नाही.